गेज ज्याच्या हातात, सही त्याचीच हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

संरक्षण उत्पादनाच्या बातम्यांत आकडे भरपूर असतात. किती रायफली, किती कोटींची ऑर्डर, किती टक्के स्वदेशी. त्या रायफलीचा एकेक पार्ट कोणी तपासला, आणि ‘नापास’ म्हणायची त्याला मुभा होती का, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. मी भोसरीत २६ वर्षे इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसले. शेवटची ९ वर्षे रायफलीच्या बारीक पिना आणि स्प्रिंगा तपासण्यात गेली. म्हणून लिहिते आहे.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली एसएलआर, म्हणजे ईशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिमीची रायफल, ही सेमी-ऑटोमॅटिक. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी रायफल स्वतःच भरून घेते. जुन्या ३०३ रायफलीत हे काम शिपायाचा हात करायचा. काही अडले तर आधी हाताला कळायचे. एसएलआरमध्ये ते काम गोळीमागचा गॅस करतो, आणि तेही पापणी लवायच्या आत. रिकामी केस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर किंवा त्याच्यामागची नखाएवढी स्प्रिंग दगा देऊन गेली, तर समोर गोळीबार चालू असताना शिपायाच्या हातात नुसता दांडका उरतो. म्हणून बारीक पार्टला मी कधी बारीक मानले नाही.

एक प्रसंग सांगते. कारखान्याचे नाव लिहीत नाही. चारशे पिनांचा एक लॉट, म्हणजे एका वेळचा माल, प्लेटिंग (धातूचा पातळ मुलामा) होऊन आला. माप तपासायच्या गेजपैकी ‘गो’ जायला हवा तो जात होता, ‘नो-गो’ अडायला हवा तो अडत होता, हार्डनेसही (कडकपणाही) ड्रॉइंगप्रमाणे. मी पास केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगसाठी पाकीट उघडले तर दोन पिना मोडलेल्या. कोणी हात लावला नव्हता, ठोकल्या नव्हत्या, रात्रभर टेबलावर नुसत्या पडून होत्या. तुटलेला भाग भिंगाखाली धरला. वाकल्याची खूण नाही, सरळ काडकन तुटलेला, साखरेच्या दाण्यासारखा चमकणारा.

कडक पोलाद ॲसिडच्या आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शोषून घेते. तो आत शिरून बसतो आणि पोलाद ठिसूळ करतो. म्हणून टाकीतून काढल्यावर थोड्याच तासांत माल साधारण २०० अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवावा लागतो, म्हणजे तो निघून जातो. नाही ठेवला तर तपासणीच्या दिवशी पार्ट अगदी ठणठणीत दिसतो आणि नंतर कधीतरी तुटतो. चौकशी केली तेव्हा कळले की प्लेटिंग बुधवारी संध्याकाळी झाले होते. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, वीज बंद. भट्टी लागली शुक्रवारी. कागदावर मात्र ‘बेकिंग केले’, म्हणजे वेळेत भट्टीत ठेवले, असे लिहिलेले, खाली शिक्का आणि सही.

मी माझा पास मागे घेतला. मार्चअखेर होती, गाडी उभी होती. ‘मॅडम, चारशेत दोनच आहेत, डेव्हिएशनवर सोडा,’ म्हणजे नियमात बसत नसला तरी सूट देऊन पास करा, असे सांगण्यात आले. मी सही केली नाही, तर दुसऱ्याची घेतली आणि मला महिनाभर पॅकिंगला बसवले. लॉट गेला. खरेदीदाराच्या तपासनिसाने खोका उघडला तेव्हा त्यात आणखी मोडक्या पिना निघाल्या आणि सगळा माल परत आला. तो तपासनीस माझ्यापेक्षा हुशार होता असे नाही. तो आमच्या मालकाच्या पगारावर नव्हता, एवढाच फरक.

मोजमापाचेही तसेच. आमच्या प्रत्येक टूलरूममध्ये लाकडी पेटीत जपून ठेवलेल्या स्लिप गेजचा, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी तुकड्यांचा, जन्मच रायफलीच्या कारखान्यातला. स्वीडनमध्ये योहान्सन नावाचा शस्त्रकारागीर होता. १८९६ मध्ये जर्मनीतल्या माउझरच्या कारखान्यातली ढीगभर गेज पाहून त्याला ही कल्पना सुचली. १०२ तुकड्यांतले हवे ते एकमेकांना चिकटवून २० हजार मापे होतात. पण ती मापे खरी ठरतात २० अंश तापमानाला. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश असायचे. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, तेवढ्या गरमीत २० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतो. मशीनवरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजून ‘ओके’ म्हणणारे मी किती पाहिले असतील! कारगिलच्या थंडीत इन्सास रायफलीच्या प्लास्टिक मॅगझिनना (गोळ्यांच्या पेट्यांना) तडे गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. तिथला शिपाई आपल्या खोलीच्या तापमानात लढत नाही, हे ड्रॉइंग काढणाऱ्याने आणि तपासणाऱ्यानेही लक्षात ठेवायला हवे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अमेठीजवळ कोरवा येथे ६ लाखांहून जास्त एके-२०३ रायफली बनवायच्या आहेत. खासगी पुरवठादार वाढतील. आमच्या भोसरी-चाकणच्या पोरांना काम मिळेल याचा मला मनापासून आनंद आहे. पण चांगल्या पुरवठादाराने आपला माल स्वतःच प्रमाणित करावा, ही जी सेल्फ-सर्टिफिकेशनची सवलत आहे, तिची मला धास्ती वाटते. ज्याची गाडी दारात उभी आहे, त्याच्याच हातात शिक्का द्यायचा?

सवलत द्यायची तर द्या. पण न सांगता जाऊन कुठलाही खोका उघडायचा अधिकार संरक्षण खात्याच्या गुणवत्ता विभागाकडे राहू द्या, आणि तो वापरायला माणसेही द्या. इन्स्पेक्टर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली नको. त्याने अडवलेला लॉट दुसऱ्याच्या सहीने सुटला, तर ते कारणासह खरेदीदाराला कळलेच पाहिजे. आणि प्रमाणपत्रावर मॅनेजरची नको, प्रत्यक्ष गेज धरलेल्या माणसाची सही असावी. तिच्याशेजारी मोजताना खोलीचे तापमान किती होते ते लिहिलेले असावे आणि सोबत त्या लॉटच्या भट्टीचा चार्ट जोडलेला असावा, माल किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला ते दाखवणारा.

आपली,
एक निवृत्त इन्स्पेक्टर, भोसरी, पुणे
(मुलगा याच धंद्यात आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)