अचाओच्या आजी, तुमचे आभार मानायचे राहिलेत

आजी, तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या नातीला हे स्पॅनिशमध्ये करून पाठवणारे, ती वाचून दाखवेल, पण आधी मराठीतच लिहितेय कारण आईलाही वाचायचंय.

आम्ही दोघी मायलेकी चिलीच्या दक्षिणेला चिलोए बेटांवर आलो होतो, पार्गुआहून अर्ध्या तासाची फेरीबोट, मग कास्त्रोला खाडीत खांबांवर उभी असलेली रंगीत लाकडी घरं बघितली, आणि दाल्काउएहून पाच-दहा मिनिटांच्या फेरीने तुमच्या किंचाओ बेटावर. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा म्हणून छत्रीसुद्धा घेतली नव्हती, आणि बेटावरच्या तुमच्या अचाओ गावात आडवातिडवा पाऊस. त्यात शेवटची बस डोळ्यांदेखत निघून गेली, फोनचं चार्जिंग संपलेलं, आईचे बूट भिजून चिंब. धक्क्याजवळ आडोशाला उभ्या होतो तर तुम्ही आलात, काही विचारलं नाही, सरळ आईचा हात धरला आणि घरी नेलंत.

तुमच्या स्वयंपाकघरातली ती लाकडावर चालणारी मोठी शेगडी! तुम्ही आईचे बूट तिच्या बाजूला उपडे घातलेत, तिच्या पायांत स्वतःचे लोकरीचे मोजे घातलेत. आम्ही मांस-मासे खात नाही हे हातवारे करून सांगितलं, मला धाकधूक होती, कारण चिलोएमध्ये कुरांतो म्हणजे खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, डुक्कर, कोंबडी सगळं एकत्र शिजवतात, आणि मिल्काओत, म्हणजे तुमच्याकडच्या बटाट्याच्या भाकरीतही, सहसा डुकराची चरबी असतेच. तुम्ही कच्चा बटाटा किसलात, फडक्यात घालून घट्ट पिळलात, त्यात उकडलेला बटाटा कुस्करून मिसळलात आणि आमच्यासाठी चरबी न घालता मिल्काओ तेलावर थापलंत. आई पुढे झाली आणि तिनेही एक थापलं, थालीपिठासारखं, मधे भोक पाडून. तुम्ही दोघी किती हसलात! भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

सकाळी चर्च दाखवायला घेऊन गेलात. चिलोएची 16 लाकडी चर्चेस 2000 साली युनेस्कोच्या यादीत आली एवढं मी वाचलं होतं, पण अचाओचं अठराव्या शतकातलं, लाकडी खुंट्यांनी जोडलेलं ते काम आईला तुम्ही सांगायच्या आधीच कळलं, माझे आजोबा सुतार होते ना. ती बराच वेळ खांबावर हात ठेवून उभी होती. बाबा गेल्यापासून आईला इतकं शांत मी बघितलं नव्हतं, आजी, हे तुम्हाला सांगायचं होतं, तेव्हा शब्द नव्हते माझ्याकडे.

पैसे घेतले नाहीत तुम्ही, उलट जांभळे बटाटे बांधून दिलेत, ते आम्ही वाटेत कास्त्रोलाच उकडून मिठाबरोबर खाल्ले.

मोजे आईकडेच राहिलेत, चुकून. ती म्हणते परत पाठवायचे नाहीत, तिच्या हातचे विणलेले पाठवायचे. विणायला घेतलेत, एक पाय झालाय. तुमच्या पायाचं माप तेवढं नातीकडून कळवा.