मावशी, तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहून गेलं

मावशी,

नाव लिहीत नाही, गावात कळलं तर तुम्ही आधी लाजाल आणि मग मला ओरडाल. ग्वाटेमालात, तुमच्या सान पेद्रो ला लागूना गावात तुम्हाला सगळे दोन्या म्हणजे बाईसाहेब म्हणतात, आम्ही दोघं नवरा-बायको आपापसात मावशी म्हणायचो. एकदा तुम्ही विचारलंतच हे 'माउशी' काय प्रकरण आहे, मी म्हटलं आईची बहीण, तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्या ताटात अजून एक तोर्तिया, तुमची मक्याची भाकरी, टाकलीत.

मराठीत का लिहितेय ते आधी सांगते. तुमच्याकडे जेवून उठताना 'मुचास ग्रासियास' म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'बुएन प्रोवेचो', म्हणजे जेवण अंगी लागो, म्हणायचं, असा नियम. त्यामुळे दहा महिने मी रोज तुम्हाला थँक्यू म्हटलं आणि ते सगळंच्या सगळं जेवणाच्या खात्यात जमा झालं. निघायच्या दिवशी धक्क्यावर रडत रडत मुचास ग्रासियास म्हटलं, तर सवयीनं तुमच्या तोंडून बुएन प्रोवेचोच निघालं, आपण दोघी हसायला लागलो, लांचवाला, म्हणजे मोटरबोटवाला, बोंबलायला लागला, आणि राहूनच गेलं. तसं आपल्याकडे तरी घरात कोण कोणाला थँक्यू म्हणतं. पण तरी.

जानेवारीत आलो तो दिवस आठवतो का? तुमच्याकडे शाळा जानेवारी ते ऑक्टोबर, म्हणून आम्ही नोकऱ्यांचे राजीनामे देऊन शिकवायला बरोबर वेळेवर पोचलो असं समजत होतो. पानाहाचेलहून दुपारची लांच पकडली, तीच चूक. दुपारनंतर आतित्लान तळ्यावर शोकोमिल सुटतो हे कोणी सांगितलंच नव्हतं, वारा असा की लांच लाटेवरून आपटत चाललेली, पाणी आत, बॅगा ओल्या, हा माझा नवरा डोळे मिटून रामरक्षा म्हणतोय. शेजारच्या बाईंनी न विचारता प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक माझ्या हातात कोंबलं आणि खुणेनं सांगितलं, घट्ट धर. त्या तुम्ही.

आणि मग धक्क्यावर आम्हाला घ्यायला आलेला माणूस 'फिहेसे के...' म्हणाला. तेव्हा आम्हाला वाटलं काहीतरी नमस्कार वगैरे असेल. शब्दशः 'बघा ना', पण ग्वाटेमालात वाक्य असं सुरू झालं की पुढे वाईट बातमी असते हे नंतर कळलं. आपल्याकडे 'त्याचं काय झालं ना' म्हणतात तेच. ज्या संस्थेनं बोलावलं होतं (तिचंही नाव नको) तिनं आमची खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेली. तुम्ही टुकटुकची वाट बघत सगळं ऐकत उभ्या होतात. मुलगा कामाला राजधानीत असतो, त्याची खोली रिकामी आहे, चला, एवढंच बोललात. भाडं किती तेही सांगितलं नाहीत, ते मीच आठ दिवसांनी विचारलं.

टुकटुक आली ती लाल बजाज! आम्ही चिंचवडचे, आकुर्डीचा कारखाना पाचेक किलोमीटरवर, आणि इथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ज्वालामुखीच्या पायथ्याशी चढ चढायला तीच रिक्षा. हा त्या रिक्षाच्या टपावर हात फिरवत उभा राहिला, तुमच्या ड्रायव्हर भाच्याला वाटलं परदेशी माणसाचं डोकं फिरलंय.

शिकवायला आलो होतो खरं तर. पण पहिले दोन महिने शिकवलंत तुम्ही. आमची स्पॅनिश मोबाइलवरच्या ॲपातली, 'सफरचंद लाल आहे' टाइप. आणि वर्गात गेल्यावर कळलं की पोरं आपापसात त्सुतुहिल, तिथली माया भाषा, बोलतात, स्पॅनिश त्यांना शाळेत आल्यावर भेटलेली, म्हणजे आम्ही मोडक्या स्पॅनिशमधून त्यांना इंग्रजी शिकवणार, तिन्ही बाजूंनी आनंद. पहिल्या आठवड्यात मी काही विचारलं की अख्खा वर्ग चिडीचूप. मी घरी येऊन म्हटलं पोरं बोलतच नाहीत, तुम्ही विचारलंत, सकाळी प्रत्येकाला बुएनोस दियास, म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणतेस का? रस्त्यात भेटणाऱ्या म्हातारीला? दुकानदाराला? मी गप्प. दुसऱ्या दिवसापासून घर ते शाळा बारा मिनिटांच्या रस्त्याला पंचवीस मिनिटं लागायला लागली आणि तिसऱ्या आठवड्यात पोरं लांबूनच 'सेन्यो! सेन्यो!' ओरडायला लागली. बाई म्हणण्याची तिथली पद्धत. ह्याला प्रोफे. बीएड करताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या आई ओट्यावर बसून मक्याची कणसं मोजायच्या ते मला अजून दिसतं. विसाच्या हिशेबात. एक वीस झाली की बोट दुमडायचं. त्सुतुहिलमध्ये विसासाठीच्या शब्दात 'विनाक' येतं, आणि विनाक म्हणजे माणूस, हातापायाची वीस बोटं. माझी आजीसुद्धा आंबे 'तीन विसा, चार विसा' असेच मोजायची. मी हे तुमच्या आईंना सांगायला गेले, अर्धं स्पॅनिश अर्धे हातवारे, त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी मला जवळ बसवून माझीच बोटं मोजली.

आणि तोर्तिया. चुन्यात शिजवलेला मका, पहाटे मोलिनोवर, म्हणजे गिरणीत, दळून आणलेलं ते ओलं पीठ, कोमालवर, म्हणजे तव्यावर, आधी चुन्याच्या पाण्याचा बोळा फिरवायचा म्हणजे चिकटत नाही. मला वाटलं आपण भाकरी थापणाऱ्या बाई, हे काय अवघड. पण भाकरी परातीत थापायची आणि हे सगळं हवेत, दोन तळव्यांच्या मध्ये, टप टप टप गोल फिरवत. माझी पहिली तोर्तिया सरळ चुलीत पडली. दुसरी ग्वाटेमालाच्या नकाशासारखी. तुमच्या नाती पोट धरून हसत होत्या, तुम्ही मात्र ती जाडजूड तोर्तिया शांतपणे भाजलीत आणि स्वतःच्या पानात घेतलीत, कुत्र्याला नाही दिलीत. मी बघितलं होतं.

मार्चमध्ये याचं पोट बिघडलं ते तर लिहायलाच नको. रात्री दोनला तुम्ही पेरिकोन नावाच्या झाडपाल्याचा काढा केलात, बडीशेपेसारखा वास येतो त्याला, आणि पहाटे भाच्याला उठवून दवाखान्यात घेऊन गेलात, तिथे आमच्या वतीनं भांडलातही.

२५ जूनला शिक्षक दिन, पोरांनी कागदाची फुलं आणली, मी खूश, फोटोबिटो. संध्याकाळी तुम्ही सांगितलंत की तो मारिया चिंचियाचा दिवस, १९४४ मध्ये उबिकोच्या हुकूमशाहीविरुद्ध मोर्चात गोळी लागून गेलेल्या शिक्षिकेचा. मी ती फुलं नंतर नीट पुस्तकात ठेवली.

अजून एक. ग्वाटेमाला जगाला वेलदोडा पुरवतो, आणि तुमच्या स्वयंपाकघरात वेलदोडा माहीतच नव्हता! आईनं बांधून दिलेल्या पुडीतला चहात घातला तर तुम्ही वास घेऊन म्हणालात औषध आहे. आणि मग रोज पाच वाजता, तो औषधाचा चहा कर गं.

हे सगळं स्पॅनिशमध्ये व्हॉइस नोट करून पाठवणारच आहे, चुका असतील, नातींना हसू दे. वेलदोडे अर्धा किलो घेऊन ठेवलेत. आणि भाच्याला सांगा, त्याच्या टुकटुकचा डावा आरसा इथे मिळाला, दुकानदारानं विचारलं कुठली गाडी, याने सांगितलं सान पेद्रोची. फुटणार नाही असा पॅक करून पाठवायचा कसा, तेवढं अजून जमत नाहीये.

तुमची,
चिंचवडची सेन्यो