डेटिंग अ‍ॅपवर पैसे भरण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार,

डेटिंग अ‍ॅपवर पैसे भरायचे का हे पोरं एकमेकांना विचारतात पण नीट कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय. टिंडर या अ‍ॅपचा बूस्ट पैसे भरून घेतला की प्रोफाइल आपल्या भागात 30 मिनिटं वर दिसतं, बस एवढंच, म्हणजे भर दुपारी सगळे ऑफिसात असताना घेतला तर पैसे पाण्यात. टिंडरच्याच गोल्ड नावाच्या सबस्क्रिप्शनमध्ये कुणी लाइक केलंय ते दिसतं, पण मुळात लाइकच येत नसतील तर बघणार काय? पुण्या-मुंबईत ठीक आहे हो, तालुक्याच्या गावी अ‍ॅपवर माणसंच कमी, ती पैसे भरून वाढत नाहीत. आधी तो गॉगलवाला नि ग्रुपमधला फोटो बदला, ते फुकट आहे.

खरा राग येतो ऑटो-रिन्यूचा, म्हणजे मुदत संपली की आपोआप पुन्हा पैसे कटतात त्याचा. अ‍ॅप डिलीट केलं तरी सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं, माझ्या धाकट्या भावाचे असेच पैसे कटत राहिले आणि त्याला पगार तो केवढा! घ्यायचंच तर एका महिन्याचं घ्या, सहा महिन्यांचं स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका, आणि प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर लगेच कॅन्सल करून ठेवा, भरलेल्या मुदतीपर्यंत ते चालतंच.

– एक वाचक, नाशिक