कार्डावर ‘सामान्य’, रानात पोचट शेंगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारीपासून सुरू होते. उजनीच्या कालव्याखाली उसाचा खोडवा मोडून बेवड म्हणून, म्हणजे फेरपालटाचे पीक म्हणून, भुईमूग घेतला जातो. पेरणीआधी मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचे कार्ड, पाहिली जाते. क्षारता (मातीतल्या विरघळलेल्या क्षारांचे माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) १ च्या आत आणि शेरा ‘सामान्य’ दिसला की गडी निर्धास्त होतो. भुईमुगाच्या बाबतीत हा शेरा फसवा आहे.

पत्रिकेवरचा आकडा एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळून काढलेला असतो. पिकाची सहनशक्ती मात्र संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजलेल्या, मातीच्या अर्कावर मोजतात, आणि आपल्या भारी काळ्या मातीत हा अर्काचा आकडा साधारण तीन ते चार पट निघतो. म्हणजे कार्डावर १ असेल तर मुळांना तीन-चार डेसीसायमन सोसावे लागतात. भुईमुगाची मर्यादा ३.२ आहे. त्यापुढे दर एककाला उत्पादन सुमारे २९ टक्क्यांनी घटते; ४.९ ला निम्मे पीक गेलेच. त्याच ४.९ ला ऊस जेमतेम पाचव्या हिश्श्याने घटतो, तर ज्वारीला ६.८ पर्यंत धक्का लागत नाही. म्हणून ‘गेल्या साली ज्वारी झकास आली’ हा पुरावा भुईमुगाला चालत नाही.

क्षार नडतात ते आधी उगवणीला, मग मुळांवरच्या गाठींना. पण खरा घात आऱ्या (फुलातून निघून जमिनीत शिरणारे, पुढे शेंग धरणारे देठ) जमिनीत शिरल्यावर होतो. शेंगेला लागणारे कॅल्शियम मुळांकडून फारसे येत नाही. आरी आणि वाढती शेंग ते भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषते. चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, रानात मातीच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियमने ठाण मांडलेले असते. चुनखडी भरपूर असली तरी चढ्या सामूला (पीएच) ती विरघळत नाही. वरून वेल हिरवागार दिसतो आणि उपटल्यावर टरफले पोकळ निघतात. दाणा भरलाच तर तो मधोमध उकलून पाहावा. आतला कोंब काळा पडलेला असेल तर कॅल्शियम कमी पडले समजावे.

यावर सरसकट जिप्समचा (कॅल्शियम सल्फेट) सल्ला दिला जातो, तिथे गल्लत होते. एकरी ८० किलो पेरणीवेळी आणि ८० किलो आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी देऊन मातीची भर लावायची, ही झाली शेंगेची खुराक. चोपण सुधारायला जिप्सम टनाने लागते. ते किती, हे विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) तपासूनच ठरते, आणि पत्रिकेच्या बारा घटकांत नेमका तोच नाही. शिवाय सुटलेला सोडियम वाहून जायला चर किंवा निचऱ्याचे पाइप हवेत, नाहीतर तो तिथेच मुरतो. रान नुसते खारवट असेल, सामू ८.५ च्या आत असेल, तर सुधारणेसाठी जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. तिथे गोडे पाणी आणि निचरा हाच इलाज.

कालव्याची पाळी मिळाली की पेरणीआधी रान भरपूर भिजवून क्षार खाली घालवावेत आणि वाफशावर पेरावे. विहिरीचे मचूळ पाणी उगवणीच्या काळात शक्यतो टाळावे. खतांत डीएपीऐवजी एकरी अडीच पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक पोते अमोनियम सल्फेट द्यावे. सुपरमधून कॅल्शियम आणि गंधकही मिळते. म्युरेट ऑफ पोटॅश अशा रानात नको, त्यातले क्लोराइड क्षारांतच भर घालते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून फवारावे. त्यासाठी युरिया ओतू नये.

कृषी विभागाने पत्रिकेवर एकच ‘सामान्य’ शेरा न छापता क्षारतेपुढे पीकवार मर्यादा द्यावी. सामू ८.५ च्या वर गेलेल्या नमुन्यात विनिमयक्षम सोडियमची तपासणी आपोआप व्हावी. तोवर शेतकऱ्यांनी नमुना देतानाच ही तपासणी लेखी मागावी आणि विहिरीच्या पाण्याची बाटलीही सोबत न्यावी.

– मृदाशास्त्राचे अभ्यासक, सोलापूर