झील धरणाऱ्यांनाच चाल बांधू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ जानेवारी आणि गॅदरिंगसाठी खेड्यांतल्या शाळाही आता मोबाइलवर कराओके लावून समूहगीत बसवतात. तो ट्रॅक बहुधा एकट्या गायिकेच्या पट्टीतला असतो. चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत गेली की दीड सप्तक झालं. आठवी-नववीतली आवाज फुटलेली पोरं मग ओरडतात, नाहीतर नुसते ओठ हलवतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनामुळे आमच्या भागात झील धरणारे, म्हणजे मुख्य गायकामागे बसून ध्रुवपद उचलणारे, गावोगावी आहेत. श्वास कुठे तुटतो, लय कुठे पळते, हे मागे बसणाऱ्याला नेमकं कळतं. चाल बांधायला त्यालाच बसवा. हिंदी चित्रपटांचे संगीतकार रवी असेच घडले. गायक-संगीतकार हेमंतकुमारांनी त्यांना १९५२च्या ‘आनंदमठ’मध्ये ‘वंदे मातरम्’च्या कोरसात घेतलं, पुढे साहाय्यक केलं आणि १९५५च्या ‘वचन’पासून ते स्वतंत्र संगीतकार झाले.

नव्याने बांधणाऱ्याने चाल एका सप्तकात ठेवावी. सगळ्यात वरचा सूर मुलांकडून पाच वेळा गाऊन घ्यावा. माना ताणल्या तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवावी. आवाज फुटलेल्यांना वगळू नये, त्यांना खालच्या सप्तकात सा-प धरायला द्यावं. वीस मुलांत मूळ चालीला बारा, दुसऱ्या आवाजाला (त्याच वेळी चालीला जुळणारे वेगळे सूर गायला) पाच, सा-पला तीन पुरतात. दुसरा आवाज वाढला की मूळ चालवाले नकळत त्याच्याकडे ओढले जातात.

दुसऱ्या आवाजाची चूक सर्रास होते. पेटीवर सरसकट तिसरा सूर धरला, तर भूप रागाच्या चालीत रिषभावर त्या रागात नसलेला मध्यम येतो आणि भूप मोडतो. त्याऐवजी रागातलाच एक सूर सोडून पुढचा घ्यावा: सा-ग, रे-प, ग-ध, प-सां, ध-रें. तोही मुखडा दुसऱ्यांदा येईल तेव्हाच. अंतरा एकसुरी बरा, शब्द स्पष्ट पोचतात. ‘स’, ‘श’ने संपणारे शब्द कोणत्या मात्रेवर सोडायचे ते ठरवून द्यावं, नाहीतर वीस तोंडांतून सूं-सूं होतं. लांब सुरावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यावा. टाळ्या मात्र पहिल्या तालमीपासून नकोत, मुलं त्यांच्या नादात लय वाढवतात.

तालुका स्पर्धांच्या आयोजकांना विनंती, की १०० पैकी २० गुण रचनेला ठेवावेत. पत्रिकेवर पेटी-तबल्याबरोबर चाल बांधणाऱ्याचंही नाव छापावं आणि त्याला मानधन द्यावं.

— समूहगान शिकवणारे काही जण,
ता. तिवसा, जि. अमरावती