दिवाळीला दिवसाउजेडी निघा

सांगली,
आश्विन वद्य प्रतिपदा

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, वसुबारसेला ऑफिस सुटलं की थेट गाडी काढतो, जेवायला सातारच्या अलीकडं कुठंतरी थांबू आणि बारापर्यंत सांगली. चिऊ मागनं सारखी हाका मारत होती, त्यामुळं बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून लिहायला बसले. सूनबाईलाही वाचून दाखव, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी तिच्याही हातातल्या आहेत.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या रात्री निघू नका. धनत्रयोदशीला पहाटे नीट झोप काढून उठा, चहा घ्या आणि फटफटलं की निघा. दुपारच्या जेवणाला इथं याल. अर्धा दिवस उशीर झाला म्हणून आपली दिवाळी काही लहान होत नाही.

कॅज्युअल्टीत माझी उमर गेली, ते तुला ठाऊकच आहे. दिवाळीच्या आठवड्यात येणारे पेशंट जवळपास ठरलेले असत. तिन्हीसांजेनंतर भाजलेले येत, त्यात मुलं जास्त. आणि मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे. रस्त्यावरच्यांत गावाकडं निघालेलीच माणसं असायची, गाडीत मिठाईचे बॉक्स आणि नव्या कपड्यांच्या पिशव्या. दिवसभर काम करून वर सव्वादोनशे किलोमीटर चालवायचं म्हटल्यावर डोळा लागतोच. त्याला ताकदवान-बिनताकदवान असं काही नसतं.

त्यात आपला रस्ता या दिवसांत वेगळाच असतो. खंबाटकीचा घाट चढताना सणाची गर्दी, मधेच बंद पडलेले ट्रक, तापलेल्या गाड्या. तिथं फार तर वेळ जाईल. मला भीती वाटते ती पुढची. पेठ नाक्याला हायवे सोडलात की तो रस्ता उसाचा होतो. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना ऊस हातभर बाहेर आलेला असतो. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर आला की पुढं ट्रॉली आहे हे कळतच नाही. कळतं तेव्हा ब्रेकला जागा उरत नाही. टायरगाड्या तर आणखी खाली असतात. बैलांचे डोळे चमकले तर दिसले. आणि एक गोष्ट पुण्यात राहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ट्रॉली पंक्चर झाली की तिच्याभोवती मोठे दगड मांडतात. काम झालं की ट्रॉली जाते, दगड मात्र रस्त्यातच राहतात. अंधारात त्यावर गेलेल्या मोटरसायकलवाल्यांच्या जखमा मी धुतल्या आहेत. हे सगळं उजेडात लांबनं दिसतं. एवढ्यासाठीच म्हणते, दिवसा या.

चिऊ मागच्या सीटवर, तिच्या खुर्चीत, पट्टा लावून. पुढं मांडीवर घ्यायचं नाही, रडली तरी नाही. एअरबॅग उघडली तर तिचा जोर लहान मुलाला सोसत नाही. सूनबाईनं आणि तूही पट्टा लावायचा. तू चालवत असताना तिनं शेजारी जागं राहायचं, आणि ती चालवत असेल तेव्हा तू.

दिवाळीच्या पाडव्याला तुझा मावसभाऊ येणार आहे, त्याच्याकडनं ट्रॅव्हल्सचा दर ऐकून मी थक्क झाले. त्याला सांग, सरकारनं २०१८ मध्येच ठरवून दिलंय की खासगी बसला एसटीच्या दराच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. तक्रार करता येते. आणि त्याच्या बायकोला एसटीत २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे, तर स्वारगेटवरनं सरळ एसटीनं यावं. पिशवीत फटाके मात्र ठेवू नयेत. एसटीत नाही आणि रेल्वेत तर नाहीच. रेल्वेत तो गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो.

आता घरातलं. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडं सगळ्यांच्या आंघोळी एकामागनं एक होतात, आणि दोन वर्षांपासून आपल्या न्हाणीत गॅसचा गीझर आहे. याविषयी लोक फटाक्यांइतकं बोलत नाहीत, पण मला ही गोष्ट फटाक्यांहून जास्त घोर लावते. बंद न्हाणीत गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय गळतात. माणूस कडी काढायलाही उठू शकत नाही. बाहेरच्यांना वाटतं, आज सण आहे, निवांत उटणं लावत असेल. म्हणून यंदा अण्णांनी आणि मी ठरवलंय: गरम पाणी बादल्यांत भरून घ्यायचं, गीझर बंद करायचा, खिडकी उघडी ठेवायची आणि मगच आत जायचं. थंडी वाजली तरी खिडकी लावायची नाही. कडी कोणी घालायची नाही, दाराबाहेर कुणीतरी बोलत राहायचं. कुणाला गरगरलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. गीझर न्हाणीच्या बाहेर बसवून घ्यायला मेस्त्रीला सांगितलंय, पण तो दिवाळीच्या आत येईल असं दिसत नाही.

तळण मी तुम्ही यायच्या आधी उरकणार आहे. चकल्या, शेव, कडबोळी झाली की राहतात फक्त करंज्या. तुला लहानपणी तळणाजवळ यायचं नसे, तसंच चिऊला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून तिला करंज्यांना मुरड घालायला देईन. तेलानं पेट घेतलाच तर सूनबाईला एक माहीत असू दे: गॅस बंद आणि कढईवर झाकण. पाणी अजिबात नाही, पाण्यानं तेल उडून भडका होतो.

फटाके. चिऊला हवेतच, आणि तिला ते मिळावेत असं मलाही वाटतं. पण भुईनळा, आपण ज्याला झाड म्हणतो, तो मी तिच्या हाती पाहणार नाही. लोकांना सुतळी बॉम्बची भीती असते, पण हात आणि तोंड भाजून आलेल्यांत झाडानं भाजलेले फार असत. पेटवायला वाकतात, पेटलं नाही म्हणून पुन्हा जवळ जाऊन बघतात, आणि ते तोंडावर फुटतं. लांब उदबत्तीनं, हात लांब करून, तोंड बाजूला वळवून पेटवायचं आणि मागं सरायचं. फुसका गेला तर त्याच्याकडं जायचंच नाही. बऱ्याच वेळानं लांबनं बादलीभर पाणी ओतायचं. फुलबाजी लहान म्हणून निरुपद्रवी समजतात, पण तिची उष्णता हजार अंशांच्या घरात असते. विझलेली तार जमिनीवर टाकायची नाही, शेजारी पाण्याची बादली ठेवायची आणि तार तीत बुडवायची. पायात चपला-सँडल हवेतच. आणि हाताला सॅनिटायझर लावून पणतीजवळ जायचं नाही, त्यातलं अल्कोहोल पटकन पेटतं.

नागगोळ्या आणू नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा नागगोळीचाच धूर सगळ्यात वाईट निघाला होता. मुलं नेमकी तिच्यावरच वाकून बसतात. अण्णांचा दमा या दिवसांत उठतो, तेव्हा त्यांचा पंप मी खिशात घालूनच ठेवणार आहे. खरेदी करशील तेव्हा हिरव्या फटाक्यांचं चिन्ह बघ. सर्वोच्च न्यायालयानं २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० ठरवली आणि माळांवर बंदी घातली. आपल्या गल्लीच्या टोकाला बाळंतिणींचा दवाखाना आहे, हे मात्र कायदा नसता तरी मी सांगितलं असतं. तान्ही मुलं दचकून रडायची थांबत नाहीत. आपण आपले फटाके मैदानावर नेऊ.

मैदानावर एक काम मी तुझ्यावर सोपवते. मोठ्या माणसांपैकी एकानं काहीही पेटवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, हात मोकळे ठेवायचे आणि फक्त मुलांकडं बघायचं. पाळी लावा, अर्धा-अर्धा तास. माझ्याकडं येणाऱ्या आईबापांचं बोलणं एकच असायचं, "आत्ता इथंच होता हो." सगळे तिथंच असायचे, पण बघत कुणीच नसायचं.

आणि भाजलंच तर. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. वीस मिनिटं म्हणजे खरोखर घड्याळ लावून. रडतंय म्हणून पाच मिनिटांत सोडायचं नाही. बर्फ नाही. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, काहीच नाही. ती वाळलेली पेस्ट चिमट्यानं, पाणी सोडून सोडून आम्ही काढायचो, तेव्हा भाजण्यापेक्षा ती काढताना मुलं जास्त किंचाळायची. अंगठी, बांगडी, पैंजण सूज यायच्या आत काढायचं. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. वरनं स्वच्छ सुती कापड सैल टाकायचं. मुलाच्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल, किंवा तोंड, हात, सांधा भाजला असेल, तर घरी थांबायचं नाही. डोळ्यात काही गेलं तर चोळू द्यायचा नाही, रुतलेलं काढायचं नाही, वर कागदी कप पालथा धरून तसंच डॉक्टरांकडं न्यायचं. कपड्यांनी पेट घेतला तर पळू द्यायचं नाही, आडवं पाडून घोंगडीत गुंडाळायचं. जाड घोंगडी मी पिशवीत भरूनच ठेवलीय, मैदानावर ती आपल्याबरोबर येईल.

पुण्याचा फ्लॅट बंद करताना गॅसचा रेग्युलेटर काढ आणि समोरच्यांना किल्ली दे. गावी निघाल्याचे फोटो परत गेल्यावर टाका, सगळ्या जगाला घर रिकामं आहे हे कळायला नको. ऑफरच्या लिंका उघडू नकोस. कुणी फसवलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन, जितका लवकर तितके पैसे अडवता येतात.

बाजार आपण सकाळी करू. हरभट रोड आणि कापड पेठ संध्याकाळी पाय ठेवायला जागा देत नाही. चिऊच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवेन. गणपतीला जाऊ. घाटावर मात्र मी तिचा हात सोडणार नाही, पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर अजून शेवाळ आहे. किल्ल्यासाठी अण्णांनी माती आणून चाळून ठेवलीय, अळीव भिजवायचे तेवढे राहिलेत. ते ती आली की तिच्याच हातानं पेरू. भडंगही नेण्यापुरतं बांधून ठेवते.

तिला परकर-पोलकं शिवायचंय, सुतीच घेतलंय. नायलॉन पेटलं की वितळून अंगाला चिकटतं, म्हणून तिच्यासाठी विकतचा झगमगीत फ्रॉक घेऊ नका. शिंप्याकडं आत्ताच रांग लागलीय. कमरेचं, उंचीचं आणि बाहीचं माप आज रात्रीच व्हॉट्सअॅपवर टाक.

तुझी,
आई