काकूंना सांग, पंपाची सवय लागत नाही

पुणे, १४ नोव्हेंबर

प्रिय संत्या,

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही, मी ऑफिसात होतो आणि तूही जरा हबकलेलाच वाटलास, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. तुझ्या चिऊला दम्याचा पंप (इनहेलर) लिहून दिलाय आणि काकू म्हणतायत एकदा पंप लागला की जन्माचा लागतो, पुढे लग्न कसं जमायचं. अरे आठ वर्षांची आहे ती! आणि काकूंनी हेच माझ्या आईलाही सांगितलं होतं, आपल्या सोलापूरच्या वाड्यात, नळावर पाणी भरताना. तेव्हा डॉक्टरसुद्धा "अॅलर्जिक ब्राँकायटिस" म्हणायचे, दमा हा शब्द घरात कुणी काढायचं नाही.

त्याऐवजी बाबा मला मृगाला हैदराबादला दम्यावरचा मासा गिळवायला घेऊन गेले, आठवतंय ना? बोटाएवढी जिवंत मरळ, तिच्या तोंडात पिवळं औषध कोंबलेलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ती घशात. खाली जाताना शेपटीची वळवळ अजून आठवते. गर्दी तर अशी की बाबांची चप्पल तिथेच राहिली. मासा गेला, दमा काही गेला नाही.

मग कॉलेजात निळा पंप मिळाला आणि मला वाटलं सुटलो. पाच मिनिटात छाती मोकळी, चार-सहा तास आराम, अजून काय पाहिजे? इथेच मी फसलो बघ. दम्यात दोन गोष्टी होतात, श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजून त्यावर चिकट कफ साठतो. निळा फक्त स्नायू सैल करतो, सुजेला तो हातही लावत नाही. सूज रोज थोडी थोडी वाढत जाते, आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय.

२०१४ च्या लक्ष्मीपूजनाला रात्री सोसायटीत माळा लागल्या, धूर वर आला आणि मी डायनिंग टेबलावर दोन्ही हात टेकून उभा, खांदे कानाला लागलेले. निळा चार वेळा मारला, दहा वेळा मारला, ढिम्म. हिने विचारलं दवाखान्यात जायचं का, तर "हो" च्या पुढे शब्द फुटेना. ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शन, दोन दिवस अॅडमिट. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं निळे पंप किती लागतात, मी म्हटलं महिन्याला दोन. त्यांनी पेन खाली ठेवलं. वर्षाला ३ किंवा जास्त संपायला लागले की अॅटॅकचा धोका वाढतो म्हणे! आता तर २०१९ पासून जगभरचे दम्याचे डॉक्टर ज्या गाइडलाइन बघतात त्यात मोठ्यांना आणि १२ वर्षांवरच्या मुलांना नुसता निळा देऊच नका असं आलंय.

म्हणून चिऊचा जो दुसरा पंप आहे ना, रोजचा, सुजेवरचा, तोच खरं औषध. त्यात स्टेरॉइड आहे हे ऐकून काकू अजून घाबरतील, तर त्यांना हिशोब सांग. स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, पंपाचा एक पफ साधारण १००, तोही थेट छातीत. उंचीत एखाद सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे खोटं सांगणार नाही, पण रात्र रात्र खोकून झोप न झालेलं पोर काय वाढणार आहे? फरक कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि बरं वाटलं की आपण बंद करतो, मी दोनदा केलंय. निदान तीन महिने सगळं शांत राहिलं की मगच डोस कमी करायचा का ते डॉक्टर बघतात, आपण नाही.

स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती प्लॅस्टिकची पोकळ नळी, घेतलायस ना? तो नसेल तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशातच बसतं. पंप हलवायचा, एकच पफ सोडायचा, चार-पाच संथ श्वास, मग दुसरा. रोजचा घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि किती डोस उरले ते खोक्यावर लिहीत जा, माझा पंप एकदा घाटात रिकामा निघाला होता.

घरातलं म्हणशील तर मच्छर कॉइल आधी बाहेर काढ. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. काकूंच्या धुपाचं तू बघ बाबा, त्यात मी पडत नाही.

एक मात्र पाठ कर. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळा पंप चार तासही पुरत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही, निळा देत देतच गाडी काढायची. डॉक्टरांकडून हे सगळं कागदावर लिहून घे आणि फ्रिजवर लाव, एक झेरॉक्स चिऊच्या शाळेतल्या बाईंना दे.

काकूंना नमस्कार, चिऊला पापा. डिसेंबरात येतोय, तेव्हा तिला माझा पंप दाखवतो, सोळा वर्षांचा संसार आणि एक पोरगं पण दाखवतो काकूंना.

तुझाच,
बंड्या

ता.क. स्पेसर फडक्याने पुसू नकोस, घासलं की औषध प्लॅस्टिकला चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा.